जाळलेली आणि दडवलेली हस्तलिखिते कोणी जपली? युरोपातील काही विस्मृत धर्मचिंतकांविषयी

प्रश्न

गेले काही महिने मी सेबास्तियन कास्तेलिओ यांच्याविषयी मिळेल ते वाचत आहे, आणि त्या वाचनातून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. कास्तेलिओ यांचे नाव मराठीत फारसे कोणी घेत नाही, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

त्यांचा जन्म १५१५ साली साव्हॉयमधील एका खेड्यात झाला. ल्यों येथे शिकून ते स्ट्रासबुर्गला गेले, काही काळ प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन काल्व्हिन यांच्याच घरी राहिले आणि पुढे काल्व्हिन यांच्या जिनिव्हातील शाळेचे मुख्याध्यापक झाले. धर्मोपदेशक म्हणून नेमणूक होण्याची वेळ आली तेव्हा मात्र काल्व्हिन आडवे आले. बायबलमधील 'गीतरत्न' हे ऐहिक प्रेमगीत आहे असे कास्तेलिओ म्हणत, शिवाय ख्रिस्ताच्या अधोलोकात उतरण्याचा अर्थ काय याविषयीही दोघांचे जमले नाही. १५४५ मध्ये कास्तेलिओ कुटुंबासह स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी आले आणि योहानेस ओपोरिनस यांच्या छापखान्यात मुद्रिते तपासून कसेबसे पोट भरू लागले.

या काळातील एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ऱ्हाईन नदीला पूर आला की वरच्या भागातून लाकडे वाहत येत, आणि गावातील गरीब लोक काठावर उभे राहून लांब आकडीने ती ओढून घेत. कास्तेलिओही त्यांच्यात असत. दिवसभर बायबलचे भाषांतर आणि मोकळ्या वेळी चुलीसाठी लाकडे, असा त्यांचा क्रम होता. पुढे वाद पेटल्यावर काल्व्हिन यांनी छापील पुस्तकात त्यांच्यावर लाकूडचोरीचा आळ घेतला. कास्तेलिओ यांनी उत्तर लिहिले आणि त्याला नावच 'आकडी' असे दिले. पुराचे लाकूड कोणाच्या मालकीचे नसते, भाषांतर सोडायचे नव्हते आणि भीकही मागायची नव्हती, असा त्या उत्तराचा आशय आहे.

२७ ऑक्टोबर १५५३ रोजी पाखंडी ठरवलेल्या मिगेल सर्व्हेटस यांना जिनिव्हाबाहेर जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर काही महिन्यांतच बाझलमध्ये 'पाखंड्यांचा छळ करावा काय' या विषयावरील मतांचा एक संग्रह छापला गेला. संपादकाचे नाव मार्टिनस बेलिउस आणि छपाईचे ठिकाण माग्डेबुर्ग, असे पुस्तकात दिले होते. दोन्ही खोटे होते. संपादक कास्तेलिओच होते. सर्व्हेटस यांच्या शिक्षेचे समर्थन करणारे काल्व्हिन यांचे पुस्तक निघाल्यावर त्यांनी त्याचा कलमवार प्रतिवादही लिहिला. "माणसाला ठार मारणे म्हणजे सिद्धान्ताचे रक्षण करणे नव्हे, ते केवळ माणसाला ठार मारणे होय," हे त्यांचे वाक्य त्याच प्रतिवादातील आहे.

हा प्रतिवाद लिहिला गेला १५५४ मध्ये आणि छापला गेला १६१२ मध्ये, तोही नेदरलँड्समध्ये. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्यांनी 'संशय घेण्याची कला' हा ग्रंथ लिहावयास घेतला होता. त्याचा संपूर्ण मूळ लॅटिन पाठ छापून यायला १९८१ साल उजाडले. मधल्या काळात हे कागद कोणाकडे होते, त्यांनी ते फेकून का दिले नाहीत आणि कशाच्या बळावर सांभाळले, हा माझा प्रश्न आहे. ज्यांचे लेखन त्यांच्या हयातीत दाबले गेले, अशा इतर पाद्र्यांविषयी आणि धर्मचिंतकांविषयी कोणाला माहिती असेल, तर त्यांचे जीवन आणि त्यांच्या कागदांचा प्रवास अशा दोन्ही गोष्टी कृपया लिहाव्यात. विशेषतः जे आपल्या पंथातच राहिले, बाहेर पडले नाहीत, त्यांच्याविषयी मला अधिक जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

आपण पंथात राहिलेल्यांविषयी विचारले आहे, म्हणून फ्रीडरिख स्पे यांच्याविषयी लिहितो. त्यांच्याइतका एकाकी, आणि तरीही शेवटपर्यंत आपल्या संघाशी निष्ठावान राहिलेला माणूस माझ्या वाचनात दुसरा नाही.

स्पे यांचा जन्म १५९१ साली ऱ्हाईनकाठच्या कायझर्सव्हेर्थ येथे झाला. ते जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे सदस्य होते, अध्यापक होते आणि उत्तम कवी होते. जर्मनीत तीस वर्षांचे युद्ध चालू होते आणि त्याच काळात चेटकिणी ठरवून बायकांना, क्वचित पुरुषांना आणि मुलांनाही, जाळण्याची लाट आली होती. स्पे यांनी अशा खटल्यांतील कैद्यांचे कबुलीजबाब पाद्री या नात्याने ऐकले होते. त्या अनुभवातून १६३१ मध्ये 'काउत्सिओ क्रिमिनालिस' हे लॅटिन पुस्तक बाहेर आले. फौजदारी खटल्यांबाबत न्यायाधीशांना दिलेला सावधगिरीचा इशारा, असा नावाचा अर्थ आहे. रिंटेल्न या प्रॉटेस्टंट विद्यापीठाच्या गावी ते छापले गेले आणि लेखकाच्या नावाच्या जागी 'एक अज्ञात धर्मशास्त्री' एवढेच शब्द होते. कॅथलिक पाद्र्याचे पुस्तक विरोधी पंथाच्या छापखान्यातून निघाले, हीच त्या पुस्तकाच्या प्रवासातील पहिली विलक्षण गोष्ट आहे. हस्तलिखित लेखकाच्या नकळत छापखान्यात पोहोचले, असे सांगण्यात आले; परंतु लेखक कोण हे संघातील लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

पुस्तकाची रचना एकावन्न प्रश्नांची आहे आणि त्यातील शेवटचा प्रश्न वाचताना अंगावर काटा येतो. स्पे यांनी तेथे गाया नावाची एक स्त्री कल्पिली आहे. गायाचे आजवरचे वागणे वाईट असेल, तर अशा बाईकडून चेटूकच होणार, म्हणून ती दोषी. वागणे चांगले असेल, तर चेटकिणी सज्जनपणाचे सोंग घेतातच, म्हणूनही ती दोषी. ती घाबरली, तर तिचे मन तिला खाते आहे. ती घाबरली नाही, तर निर्दोषपणाचा आव आणण्यात चेटकिणी पटाईतच असतात. छळ करूनही तिने कबुली दिली नाही, तर सैतान तिला गप्प राहण्याचे बळ देतो आहे, आणि छळात ती मेली, तर सैतानानेच तिची मान मोडली. एकदा बोट दाखवले गेले की सुटकेची एकही वाट उरत नाही, हे स्पे एकेक दार लावून घेत गेल्यासारखे दाखवतात. छळामुळे मिळणारी कबुली हाच खटल्यांचा एकमेव आधार आहे आणि प्रत्येक कबुलीतून नवी नावे निघतात, म्हणून चेटकिणींची संख्या वाढतच जाते, हे त्यांचे मुख्य निदान आहे. मठाधिपतींना आणि धर्मपंडितांना याच यंत्रावर ताणले, तर तेही आपण चेटके असल्याचे कबूल करतील, असे ते स्पष्ट लिहितात. पुस्तक त्यांनी जर्मनीतील सत्ताधाऱ्यांना अर्पण केले आहे, आणि त्यातही जे ते वाचणार नाहीत त्यांना विशेषकरून, कारण जे वाचण्याइतके विवेकी आहेत त्यांना त्याची गरज कमी आहे.

या पुस्तकामुळे संघात खळबळ माजली. दुसऱ्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाल्यावर रोममधील संघप्रमुखांचे मत स्पे यांनी संघ सोडावा असे झाले होते. परंतु प्रांताधिकारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांची बदली ट्रियरला झाली. १६३५ मध्ये ट्रियर शाही सैन्याच्या हाती पडले, तेव्हा जखमी आणि आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना त्यांना साथीच्या रोगाची लागण झाली आणि ७ ऑगस्ट रोजी ते वारले. त्यांचे वय ४४ वर्षांचे होते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. स्पे यांचे नाव त्या पुस्तकाला जोडले जाण्यात तत्त्वज्ञ लाइबनित्स यांचा मोठा वाटा आहे. माइन्त्सचे इलेक्टर (सम्राट निवडण्याचा अधिकार असलेले सत्ताधीश) योहान फिलिप फोन शोनबोर्न यांनी लाइबनित्स यांना सांगितले, की तरुणपणी आपण स्पे यांना अकाली केस पांढरे होण्याचे कारण विचारले होते आणि ज्या निरपराध बायकांना आपण चितेपर्यंत सोबत केली त्यांच्या दुःखामुळे, असे उत्तर मिळाले होते. ही ऐकीव हकीकत आहे आणि तिचा प्रत्येक तपशील धरून बसू नये. परंतु शोनबोर्न यांनी आपल्या प्रदेशात हे जाळणे थांबवले, आणि लाइबनित्स यांनी १७१० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात स्पे यांचे नाव आदराने नोंदवले. त्यांच्या कविता मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, १६४९ मध्ये कलोन येथे छापल्या गेल्या. त्यांच्या हातची एक प्रत ट्रियरच्या नगर ग्रंथालयात आजही आहे. त्यांची कबर तर ट्रियरच्या जेझुइट चर्चखाली १९८० मध्ये सापडली.

प्रश्नकर्ता

फार मोलाची माहिती दिलीत, मनापासून आभार. एक शंका विचारतो. स्पे यांनी पहिल्याच प्रश्नात चेटकिणी खरोखर असतात असे उत्तर दिले आहे, असे मी वाचले होते आणि तेवढ्यावरूनच त्यांना बाजूला ठेवले होते. त्यांचा चेटकावर खरोखर विश्वास होता, की ते केवळ संरक्षणासाठी लिहिले होते?

प्रतिसाद २

या शंकेचे उत्तर दुसऱ्या एका पाद्र्याच्या आयुष्याकडे पाहिल्यावर अधिक चांगले समजते, असे मला वाटते. बाल्थासार बेकर हे डच सुधारित चर्चचे पाद्री होते. १६३४ साली फ्रीसलंड प्रांतात त्यांचा जन्म झाला आणि पुढे ते ॲमस्टरडॅममध्ये धर्मोपदेशक झाले. धूमकेतू हा अरिष्टाचा संकेत नव्हे, असे सांगणारे पुस्तक त्यांनी १६८३ मध्येच लिहिले होते. १६९१ पासून त्यांचा 'मंतरलेले जग' हा ग्रंथ भागांभागांनी निघू लागला. स्पे यांनी जे दार उघडलेच नव्हते, ते बेकर यांनी सताड उघडले. सैतानाला या जगात कोणतीही सत्ता नाही, मग त्याच्याशी करार करणारी चेटकीण कोठून येणार, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो त्यांनी बायबलच्याच आधारे मांडला होता.

बेकर यांनी नाव लपवले नाही, उलट चोरट्या छपाईपासून बचाव व्हावा म्हणून अधिकृत प्रतींवर स्वतःच्या हाताने सही केली. त्याची किंमतही मोजली. १६९२ मध्ये त्यांना पाद्रीपदावरून दूर करण्यात आले. ॲमस्टरडॅमच्या नगरशासनाने त्यांचे वेतन मात्र चालू ठेवले आणि ग्रंथ थोड्याच वर्षांत जर्मन, फ्रेंच व इंग्रजीत गेला.

या दोघांमध्ये साठ वर्षांचे अंतर आहे, आणि स्पे जेथे लिहीत होते तेथे चिता रोज पेटत होत्या. चेटकिणी नाहीतच, असे पहिल्या पानावर लिहिले असते तर एकाही न्यायाधीशाने दुसरे पान उलटले नसते. चेटूक असते असे मान्य करून, तुम्ही ज्यांना जाळता त्या चेटकिणी नाहीत, हे सिद्ध करणे हाच त्यांच्यापुढे मार्ग होता. त्यांच्या मनात खोलवर काय होते हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्यांना बाजूला ठेवू नये, पुस्तक शेवटापासून वाचायला घ्यावे.

प्रतिसाद ३

मला बर्नार्ड बोल्झानो यांच्याविषयी लिहायचे आहे, कारण कागद जपणाऱ्यांची गोष्ट त्यांच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते. गणित शिकलेल्यांना त्यांचे नाव एखाद्या प्रमेयापुरते ठाऊक असते. ते आयुष्यभर कॅथलिक धर्मगुरू होते, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

बोल्झानो यांचा जन्म १७८१ साली प्राग येथे झाला. वडील इटलीहून आलेले होते आणि कलावस्तूंचा व्यापार करत. १८०५ मध्ये त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी प्राग विद्यापीठात धर्मशिक्षणाच्या नव्या अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तरुणांच्या डोक्यात शिरणारे स्वतंत्र विचार रोखावेत, म्हणून ऑस्ट्रियाच्या सम्राटाने ही अध्यासने निर्माण केली होती. बोल्झानो यांनी त्या अध्यासनावरून नेमके उलटे केले. रविवारी आणि सणाच्या दिवशी ते विद्यार्थ्यांपुढे प्रवचने देत आणि ती ऐकायला मोठी गर्दी होई. सर्वांच्या हिताला ज्याने सर्वाधिक हातभार लागेल ते करावे, हे त्यांच्या नीतिविचाराचे मूळ सूत्र होते. आज द्वंद्वयुद्धाला जसे लाजिरवाणे मानतात तसे उद्या युद्धालाही मानतील, अशा आशयाचे त्यांचे उद्गार पुढे त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. दरबारातील धर्मगुरू याकोब फ्रिंट यांचे पाठ्यपुस्तक वर्गात वापरावे हा आदेशही त्यांनी मनावर घेतला नव्हता. १८१९ च्या डिसेंबरात त्यांना पदावरून काढण्यात आले. अध्यापन, प्रवचन आणि प्रकाशन या तिन्हींवर बंदी आली. पाठोपाठ धर्मविषयक चौकशी सुरू झाली आणि ती १८२५ पर्यंत चालली. चुका मान्य करा, असे त्यांना वारंवार सांगण्यात आले. ज्या चुका आपण केल्याच नाहीत त्या मान्य करणे म्हणजे खोटे बोलणे, म्हणून त्यांनी नकार दिला. परंतु चर्च त्यांनी सोडले नाही आणि चर्चनेही त्यांना धर्मगुरूपणापासून वंचित केले नाही.

येथून पुढे त्यांचे आयुष्य मित्रांनी सांभाळले. छातीचा आजार त्यांना पहिल्यापासून होता. हॉफमन नावाच्या कुटुंबाने त्यांना तेखोबुझ येथील आपल्या घरी नेले आणि ॲना हॉफमन यांनी अनेक वर्षे त्यांची काळजी घेतली. त्यांचे बहुतेक मोठे लेखन याच निवृत्तीतील आहे. ऑस्ट्रियात छापता येत नव्हते, म्हणून ग्रंथ सीमेपलीकडे, बव्हेरियातील झुल्ट्सबाख येथे छापले जाऊ लागले. त्यांच्या धर्मविषयक व्याख्यानांचे चार खंड १८३४ मध्ये निघाले, त्यांच्या शीर्षकपानावर बोल्झानो हे नाव नाही. कॅथलिक विद्यापीठातील एका माजी धर्मशिक्षकाच्या वह्या, त्याच्या काही विद्यार्थ्यांनी गोळा करून प्रसिद्ध केलेल्या, एवढेच तेथे म्हटले आहे. या विद्यार्थ्यांपैकी मिखाएल योझेफ फेसल यांना गुरूवरील रोषापायी काही वर्षे मठात स्थानबद्ध राहावे लागले होते, आणि तरीही सुटल्यावर ते पुन्हा गुरूच्या प्रकाशनाच्या खटपटीला लागले. हे वाचले तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

बोल्झानो १८ डिसेंबर १८४८ रोजी प्राग येथे वारले. 'अनंताचे विरोधाभास' हे त्यांचे पुस्तक विद्यार्थी फ्रांतिशेक प्रशीहोन्स्की यांनी १८५१ मध्ये छापले. त्यातील एक उदाहरण साध्या अंकगणिताने समजते. शून्य ते पाच ही एक रेषा घ्या आणि शून्य ते बारा ही दुसरी. पहिल्या रेषेवरील प्रत्येक बिंदूला १२/५ ने गुणले की दुसऱ्या रेषेवरील एक बिंदू मिळतो, आणि उलट दिशेने गेले तरी एकही बिंदू जोडीवाचून उरत नाही. म्हणजे लहान रेषा मोठीचाच भाग असूनही दोहोंतील बिंदू एकास एक जुळतात. अनंत समूहांचे हे लक्षण त्यांना विरोधाभासापेक्षा अनंताचा स्वभाव वाटले, आणि ते लिहिताना ईश्वराच्या अनंतत्वाचा विचारही त्यांच्या मनात होता, हे त्या पुस्तकात जागोजाग दिसते.

सगळे कागद मात्र इतके सुदैवी नव्हते. गणिताची हस्तलिखिते रॉबर्ट त्सिमरमन या आवडत्या तरुणाकडे गेली. ते पुढे तत्त्वज्ञानाच्या वेगळ्या संप्रदायाकडे वळले आणि गठ्ठे तसेच पडून राहिले. १९२० च्या सुमारास व्हिएन्नातील ग्रंथालयात ते तपासताना असे आढळले, की सर्वत्र संतत (अखंड) असूनही कोठेही विकलन न करता येणारे फल (फंक्शन) बोल्झानो यांनी १८३० च्या सुमारासच रचले होते. हे फल प्रथम दाखवल्याचे श्रेय तोवर चाळीस वर्षांनंतरच्या गणितज्ञ व्हायरस्ट्रास यांना दिले जात होते. तेव्हा प्रश्नकर्त्यांना माझे सांगणे असे, की कागद जपणे आणि कागद वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्सिमरमन यांनी ते फेकले नाहीत, याबद्दल मी कृतज्ञ आहे. त्यांनी ते उघडून पाहिले असते तर गणिताचा इतिहास थोडा वेगळा लिहिला गेला असता.

प्रतिसाद ४

मूळ प्रश्नात एक गृहीतक आहे, त्याविषयी थोडे वेगळे मत मांडतो. लेखन दाबले गेले तर कोणीतरी धैर्याने लपवले म्हणूनच ते वाचते, असे प्रश्नकर्ते धरून चालले आहेत. मार्गरित पोरेत यांच्या बाबतीत पुस्तक वाचले, ते लेखिकेचे नाव हरवले म्हणून.

पोरेत या आजच्या फ्रान्स आणि बेल्जियमच्या सीमेवरील एनो प्रांतातील. त्या बेगीन होत्या, म्हणजे मठाची शपथ न घेता प्रार्थनेचे आणि सेवेचे जीवन जगणाऱ्या स्त्रियांपैकी. 'साध्या आत्म्यांचा आरसा' हे पुस्तक त्यांनी लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या फ्रेंच बोलीत लिहिले. प्रेम, बुद्धी आणि आत्मा यांचा तो संवाद आहे. ईश्वरप्रेमात पूर्ण विरघळलेल्या आत्म्याला सद्गुणांची चाकरी उरत नाही, या त्यातील विचाराने धर्माधिकारी अस्वस्थ झाले. काम्ब्रेच्या बिशपांनी व्हालांसिएन येथे त्यांच्यासमोर पुस्तक जाळले आणि ते पुन्हा पसरवू नये अशी ताकीद दिली. त्यांनी ते पुढेही लोकांना दिले, विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठवले, आणि काहींनी त्याची प्रशंसाही केली. पॅरिसला नेल्यावर धर्मन्यायाधीशापुढे शपथ घ्यायलाही त्यांनी नकार दिला आणि दीड वर्षाच्या कैदेत त्या काहीच बोलल्या नाहीत. विद्यापीठाच्या एकवीस धर्मशास्त्र्यांनी पुस्तकातून काढलेली विधाने पाखंडी ठरवली. १ जून १३१० रोजी त्यांना जाळण्यात आले. जमलेल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आले, असे त्या काळच्या इतिवृत्तकारानेही लिहून ठेवले आहे, आणि तो त्यांच्या बाजूचा मुळीच नव्हता.

पुस्तकाच्या सर्व प्रती जमा कराव्यात असा हुकूम होता. तरीही ते लॅटिन, इटालियन आणि इंग्रजीत गेले. मठांतून भिक्षूंनी त्याच्या नकला केल्या, कारण त्यांच्या हातातील प्रतीवर कोणाचेच नाव नव्हते. १९२७ मध्ये त्याचे आधुनिक इंग्रजी रूप चर्चच्या रीतसर परवानगीने छापले गेले, आणि हे जाळलेल्या बाईचे पुस्तक आहे याची कोणालाच कल्पना नव्हती. १९४६ मध्ये इटालियन संशोधिका रोमाना ग्वार्निएरी यांनी खटल्याच्या नोंदींतील विधाने आणि या निनावी पुस्तकातील मजकूर ताडून पाहिला, तेव्हा दोन्ही एकच असल्याचे उघड झाले. सहाशे छत्तीस वर्षे पुस्तक वाचले जात होते आणि लेखिका अज्ञात होती. कास्तेलिओ आणि बोल्झानो यांच्या उलट ही गोष्ट आहे, म्हणून ती या चर्चेत यावी असे वाटले.

प्रतिसाद ५

झाँ मेलिए यांचा उल्लेख येथे करावा की नाही याचा मी बराच विचार केला, कारण ते पंथात राहिले खरे, परंतु मनाने कधीच नव्हते. फ्रान्समधील आर्देन भागात एत्रेपिन्यी या खेड्याचे ते १६८९ पासून चाळीस वर्षे पाद्री होते. वर्षाअखेर उरेल ते गरिबांना वाटत. गावचा जमीनदार शेतकऱ्यांना छळतो म्हणून चर्चमधील प्रार्थनेत त्याचे नाव घ्यायचे त्यांनी नाकारले, आणि बिशपांकडून समज मिळाल्यावर पुढच्या रविवारी, ईश्वर त्याला सद्बुद्धी देवो आणि अनाथांना लुबाडण्यापासून परावृत्त करो, अशी प्रार्थना केली. १७२९ मध्ये ते वारले तेव्हा घरात स्वतःच्या हाताने लिहिलेल्या एकाच ग्रंथाच्या तीन प्रती निघाल्या. ईश्वर नाही, आणि धर्म हा बलिष्ठांनी दुर्बळांवर बसवलेला जू आहे, असे त्यात होते. नकला गुप्तपणे फिरत राहिल्या. १७६२ मध्ये व्होल्टेअर यांनी त्यातील उतारे छापले, मात्र नास्तिकपणाची धार काढून टाकून. संपूर्ण ग्रंथ १८६४ मध्ये ॲमस्टरडॅमला निघाला. कोणीतरी जपेल या भरवशावर न राहता एकट्याने तीन वेळा तेच शेकडो पानांचे लेखन उतरवून काढणे, हीसुद्धा जपणुकीची एक रीत आहे, एवढ्याचसाठी त्यांची आठवण दिली.

प्रतिसाद ६

सगळ्यांनी इतर नावे दिली, परंतु कास्तेलिओ यांच्याच कागदांविषयीचा मूळ प्रश्न राहून गेला आहे. त्याचे उत्तर नेदरलँड्समध्ये आहे. डच लेखक दिर्क कोर्नहेर्ट यांनी सोळाव्या शतकातच कास्तेलिओ यांचे काही लेखन डचमध्ये आणले होते. पुढे मनुष्याचा उद्धार ईश्वराने आधीच ठरवलेला असतो की नाही, यावरून तेथील काल्व्हिनपंथीयांत फूट पडली. तो आधीच ठरलेला असतो हे मत न मानणारे धर्मशास्त्री आर्मिनिउस यांचे अनुयायी १६१० मध्ये आपले निवेदन घेऊन पुढे आले आणि १६१८-१९ च्या डोर्ट येथील धर्मसभेने त्यांना बाहेर काढले. काल्व्हिन यांच्याशी त्यांच्याच भाषेत वाद घालणारा जुना साक्षीदार या मंडळींना हवा होता, म्हणून तो प्रतिवाद १६१२ मध्ये छापला गेला. त्या वादाची गरज नसती तर तो आणखी किती काळ पडून राहिला असता, कोण जाणे.

'संशय घेण्याची कला' या ग्रंथाचे हस्तलिखितही याच बहिष्कृत पंथाच्या संग्रहातून रॉटरडॅममध्ये टिकले. त्यात कास्तेलिओ एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, की ज्यावर संशय घ्यायला हवा त्यावर माणसे विश्वास ठेवतात आणि ज्यावर विश्वास ठेवायला हवा त्यावर संशय घेतात, आणि पाप बहुधा यातूनच घडते. हे लिहीत असतानाच बाझलमध्ये त्यांच्याविरुद्ध पाखंडाची तक्रार दाखल झाली होती. तिचा निकाल लागण्याआधीच, २९ डिसेंबर १५६३ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी ते वारले. हस्तलिखित अपुरेच राहिले, आणि छापील आवृत्तीतही ते अपुरेच आहे.